सागरगड 'सापडला' कुणाला?

मंडळी, पेरूमधलं माचू पिचू बघायला 2430 मीटर उंचीवर जावं लागतं. दम लागतो म्हणे. मला तर अलिबागजवळच्या सागरगडावरच लागला, आणि तो जेमतेम चारशे मीटरचा!

खंडाळे गावातून निघालो, सिद्धेश्वराशी जरा टेकलो, मग माची. डोक्यात व्हिडिओचं नाव तयार होतं: 'कुणालाच माहीत नसलेला किल्ला'. माचीवरच्या एका मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला नि विचारलं, "कुणालाच म्हंजे? मग आम्ही कोण?"

बोलती बंद.

24 जुलै 1911 ला हायरम बिंगहॅम माचू पिचूला पोचला, तेव्हाही तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती. इंकांनी बांधलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पिकं काढत होती. अवशेषांतून त्याला फिरवलं एका लहान पोरानं. नाव झालं बिंगहॅमचं.

सागरगडही कधी हरवला नव्हता. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत तो होता. का, ते वर गेल्यावर कळतं. हवा स्वच्छ असली की पश्चिमेला समुद्र, कुलाबा किल्ला, खांदेरी, उंदेरी. (तहाच्या वेळी कुलाबा, खांदेरी बांधलेही नव्हते बरं का; खांदेरीचं काम 1679 चं.) किनाऱ्याकडे येणारं गलबत इथून आधीच दिसणार.

उतरताना मावशींकडे पुन्हा पाणी प्यायलो. व्हिडिओचं नाव बदललं: 'मावशींच्या घरामागचा किल्ला'. व्ह्यूज कमीच आले.