पीएचडी झाली, आणि वेंकी परत पहिल्या वर्षाला बसले

"फिजिक्स केलंय, पण रिसर्च बायोलॉजीत करायचाय. मला कोण घेणार?" हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना पडतो. आजची गोष्ट त्यांच्यासाठी.

साल १९७१. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून फिजिक्सची बीएस्सी करून एकोणीस वर्षांचा एक मुलगा अमेरिकेला जातो. वेंकटरामन रामकृष्णन, म्हणजेच वेंकी. १९७६ साली ओहायो विद्यापीठातून त्यांची फिजिक्सची पीएचडी पूर्ण होते. पण मन त्यात रमत नसतं. खरी धमाल तर बायोलॉजीत चाललीये, असं त्यांना वाटायला लागतं.

आता अडचण बघा. लग्न झालेलं, घरात लहान मुलं. त्यात काही ठिकाणाहून उत्तर आलं, की तुमच्याकडे आधीच पीएचडी आहे, परत विद्यार्थी म्हणून कसं घ्यायचं? शेवटी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने घेतलं. डॉक्टरेट मिळवलेला माणूस पुन्हा पहिल्या वर्षाच्या वर्गात बसला! ही दुसरी पीएचडी त्यांनी पूर्ण केलीच नाही. हवं ते शिकून झालं आणि दोन वर्षांत ते पुढे निघाले.

पुढची जागा कशी मिळाली? 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या एका लेखामुळे. येल विद्यापीठातले डॉन एंगलमन आणि पीटर मूर न्यूट्रॉनच्या साहाय्याने रायबोसोमचा अभ्यास करत होते. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना. वेंकींनी एंगलमनना पत्र लिहिलं. त्यांच्याकडे जागा नव्हती, पण मूरकडे होती. १९७८ साली वेंकी येलला पोचले.

म्हणजे झालं का सगळं? छे! त्यानंतर नोकरीसाठी त्यांनी सुमारे पन्नास ठिकाणी अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला. मग ओक रिज आणि १९८३ पासून ब्रुकहेवन, अशा सरकारी प्रयोगशाळांमध्ये काम. चाळिशीच्या उंबरठ्यावर रजा काढून ते केंब्रिजला क्रिस्टलोग्राफी शिकायला गेले. म्हणजे तिसऱ्यांदा विद्यार्थीच की! २००० साली त्यांच्या गटाने रायबोसोमच्या लहान भागाची अणूंच्या पातळीवरची रचना प्रसिद्ध केली. काही अँटिबायोटिक्स जिवाणूंना नेमकी कुठे पकडतात, हे त्यातून दिसलं. २००९ साली थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डिग्री फिजिक्सची, काम बायोलॉजीचं, बक्षीस केमिस्ट्रीचं!

दोन विषयांच्या मधल्या जागेची जाहिरात दरवेळी निघेलच असं नाही. म्हणून नुसत्या जाहिराती बघत बसू नका. आवडलेला एखादा लेख नीट वाचा, तो कोणी लिहिलाय ते बघा आणि थेट मेल करा. त्यातलं काय पटलं, तुम्हाला काय येतं आणि काय शिकायचंय, एवढं चार ओळींत लिहा. जागा नसेल तर "कोणाकडे असेल?" हेही विचारा. वेंकींना येलची वाट अशीच सापडली होती.

चला, भेटू पुढच्या भागात!