गिरणी कामगारांचा अर्ज

सन 1884 च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील गिरणी कामगारांच्या ज्या दोन मोठ्या सभा भरल्या आणि त्या सभांतून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी जो अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला, त्याचे मोल आपल्या इतिहासलेखकांनी अद्याप पुरतेपणी केलेले नाही, असे माझे मत आहे. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याची काळजी ही अलीकडच्या मोठमोठ्या कचेऱ्यांनी परदेशांतून आणलेली नवी विद्या होय, असा आज सर्वत्र समज आहे. परंतु या विषयाचा पहिला सुसंगत मसुदा आपल्याच भूमीत, आणि तोही मालकांनी नव्हे तर प्रत्यक्ष राबणाऱ्यांनी, सिद्ध केला होता. अर्जातील मागण्या पाच होत्या: दर रविवारी संपूर्ण दिवसाची सुटी असावी; दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी; काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे; मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा; आणि कामावर असताना गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण वेतन व कायमचे अपंगत्व आल्यास उपजीविकेची तजवीज व्हावी.

या मागण्या आज वाचताना त्यांच्या माफकपणाने मन खिन्न होते. सूर्यास्तानंतर घरी जाऊ द्यावे, एवढीच ज्याची कामाच्या तासांविषयीची अपेक्षा, त्याचा दिवस कसा जात असेल? कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापून ताडदेवला पहिली कापडगिरणी उभारली, त्यानंतरच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराडी उभी राहिली आणि रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसांचा ओघ मुंबईकडे लागला. विजेचे दिवे नसल्यामुळे उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. अर्थात उन्हाळ्यात दिवस लांबला की मजुरीही लांबे, दाम मात्र वाढत नसे. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवली जाई. पिंजणखात्यात कापसाची तुसे श्वासाबरोबर छातीत जात. आणि धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक बाहेर काढण्यासाठी विणकर ते तोंडाने ओढून घेई, हाच धोटा पुढे दुसऱ्याच्या ओठांना लागे. रविवारी यंत्रे थांबलीच, तरी ती पुसण्यासाठी निम्मा दिवस कामगारास हजर राहावे लागे. एक दिवसाचा खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘डबल खाडा’ नावाची रीत अनेक गिरण्यांत रूढ होती. पगार आठवडेच्या आठवडे थकल्यामुळे खानावळवाली आणि वाणी यांच्या उधारीवर घर चालवायचे, आणि पगाराच्या दिवशी सावकाराने गिरणीच्या दारात उभे राहायचे, हा क्रमच ठरलेला होता. कामावर माणसे नेमणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, मर्जी राखण्यासाठी द्यावी लागणारी दस्तुरी ही आणखी निराळी.

या अर्जामागचे पुरुष नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक, आणि काही काळ स्वतः मांडवीच्या एका गिरणीत भांडारपालाच्या जागी काम केलेले गृहस्थ होते. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी 1880 मध्ये मुंबईत आणून पुढे चालविले आणि कष्टकऱ्यांच्या तक्रारींना त्यात हक्काची जागा दिली. त्यांच्या गिरणी कामगारांच्या संघास ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना लेखी नियम. म्हणून पुढील सरकारी अहवालांनी त्यास संघटना मानण्यास नकार दिला. मला तो नकार उथळ वाटतो. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. ज्या काळी प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रीस चारचौघांत बोलण्याची मुभा नव्हती, त्या काळी कांडीवर बसणाऱ्या बाया सभा गाजवितात, ही गोष्ट नोंदवहीवाचूनही संघटनेचा प्राण किती बळकट असू शकतो, याची साक्ष आहे. पुढे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फुले निवर्तले; आपल्या शिष्याचे हे यश त्यांच्या हयातीत घडले, याचे समाधान वाटते. लोखंडे स्वतः 1897 च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत, रोग्यांची शुश्रूषा करीत असता, बळी पडले.

निःपक्षपातीपणे पाहता, सारेच मालक एका माळेचे मणी नव्हते. नागपुरात 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी हवा शुद्ध ठेवणारी व आग विझविणारी यंत्रे बसविली, 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उघडला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. यांपैकी भरपाईचा कायदा देशात 1923 मध्ये व भविष्यनिर्वाह निधीचा 1952 मध्ये झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या दूरदृष्टीची उंची कळते. तरीही एका सज्जन मालकाचे औदार्य शेजारच्या गिरणीच्या फाटकातून आत शिरू शकत नाही. त्यासाठी कायद्याचीच वाट धरावी लागते. शतकाच्या वळणावर गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा याचा कटू अनुभव आला: सूर्याने घातलेली मर्यादाच नाहीशी झाली, काही ठिकाणी दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला, आणि 1905 मध्ये कामगारांना त्याविरुद्ध उठावे लागले.

या इतिहासातील सर्वांत हृदयद्रावक प्रकरण मातांचे आहे. वाइंडिंग आणि रिलिंग खात्यांत काम करणाऱ्या स्त्रिया बाळंतपणाच्या अगदी तोंडापर्यंत कामावर येत, कारण न आल्यास मजुरी बुडे आणि जागाही जाई. आणि तान्ह्या मुलास दिवसभर सांभाळण्यास घरी कोणी नसल्याने अफूची बाळगोळी देऊन त्यास निजवून ठेवण्याचा प्रघात चाळींतून सर्रास होता. 1922 च्या सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी चाळींतून हिंडून जी पाहणी केली, तीत या अफूची विस्तृत नोंद आहे. ती माता निर्दय नव्हती. तिचे दूध व तिची झोप यांवर कारखान्याच्या भोंग्याचा अंमल होता, इतकेच. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला आणि प्रसूतीच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका मांडली. 1929 मध्ये कायदा झाला, मुंबईच्या स्त्रीकामगारांस दररोज आठ आणे मिळू लागले. खर्च मात्र मालकावरच राहिला. पुढील दशकांत गिरण्यांतून स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. नवी यंत्ररचना व रात्रीच्या कामाची बंदी ही त्याची कारणे होतीच, परंतु जिच्यामुळे खर्च वाढतो तिला कामावरच न घेणे ही पळवाटही त्यांत होती, आणि बाबासाहेबांचे म्हणणे किती दूरवरचे होते हे त्यावरून दिसून येते.

ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने काढून गिरणगावास जो आधार दिला, त्याचा उल्लेख येथे धावता होत आहे, याची खंत वाटते. 1939 पासून सरकारी कामगार कल्याण केंद्रे उघडू लागली आणि 1953 च्या कायद्याने कल्याणनिधी व त्याचे मंडळ अस्तित्वात आले. कामगारांकडून वसूल झालेल्या दंडाची रक्कम त्यांच्याच हितासाठी खर्चण्याची तरतूद त्यात होती. या केंद्रांतील शिवणवर्ग, व्यायामशाळा आणि नाट्यस्पर्धा यांनी साच्यावर उभ्या असलेल्या कित्येकांना नट, गायक आणि वाचक केले. दरम्यान 1884 च्या अर्जातील मागण्या एकामागून एक कायद्यात उतरत होत्या. साप्ताहिक सुटी व दुपारची विश्रांती 1891 मध्ये, पुरुषांच्या कामाचे तास 1911 आणि 1922 मध्ये, अपघाताची भरपाई 1923 मध्ये, आणि पगार ठरल्या मुदतीत देण्याचे बंधन सर्वांत शेवटी, 1936 मध्ये. माफक म्हणविणाऱ्या त्या पाच कलमांस राज्यशासनाच्या दप्तरात जागा मिळण्यास बावन्न वर्षे लागली.

आज त्याच परळ-लोअर परळच्या जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांतील कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी योगवर्ग व समुपदेशन यांची योजना केली जाते. ती स्तुत्यच आहे. परंतु अशा योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांस माझी कळकळीची विनंती आहे, की त्यांनी प्रथम लोखंड्यांचा तो अर्ज समोर ठेवावा आणि आपल्याच इमारतीच्या दारावर बारा बारा तास उभ्या राहणाऱ्या कंत्राटी पहारेकऱ्यास व रात्री फरशी पुसणाऱ्या बाईस त्यांतील कोणत्या मागण्या आज मिळतात, याची कलमवार चौकशी करावी.