मास्टर क्लॉक कशासाठी लागते?

एखाद्या मैफलीचे चित्रण पाहताना गायकाच्या ओठांची हालचाल आणि कानांवर येणारा स्वर यांचा मेळ सुटला, की रसभंग होतो. कधी ही तफावत आरंभापासून सारखीच असते, तर कधी आरंभी मेळ असतो आणि तो हळूहळू सुटत जातो. पहिल्या प्रकाराचे कारण बहुधा चित्रावरील प्रक्रियेला लागणारा विलंब हे असते. दुसऱ्याचे कारण मात्र उपकरणांच्या अंतर्गत घड्याळांत शोधावे लागते.

डिजिटल ध्वनिमुद्रणात ध्वनिलहरीचे ठरावीक अंतराने मापन होते. अशा प्रत्येक मापनास नमुना म्हणतात. चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला ४८,००० नमुने घेण्याचा प्रघात आहे. भारतीय दूरचित्रवाणीच्या सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर एका चौकटीच्या वाट्याला १,९२० नमुने येतात. ही गती उपकरणातील क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवरून ठरते. परंतु कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे कंप पावत नाहीत. समजा, कॅमेऱ्याचे घड्याळ दहा लाखांत १० भागांनी जलद आणि ध्वनिमुद्रकाचे तेवढेच मंद आहे. तासाभरात ७२ मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ दोन चौकटींचा फरक पडेल. तीन तासांच्या मैफलीअखेर तो पाच चौकटींहून अधिक होईल.

उपकरणे केबलने परस्परांना जोडलेली असतील, तर दोष निराळ्या रूपाने प्रकटतो. वरील उदाहरणात दर सेकंदाला सुमारे एक नमुना जादा येतो किंवा कमी पडतो. तो गाळला वा दोनदा वापरला गेला, की ध्वनीत 'टक्' असा आवाज उमटतो.

यावरील उपाय म्हणजे मास्टर क्लॉक. दिंडीतील टाळकरी जसे पखवाजाची लय धरतात, तशी सर्व उपकरणे या एकाच घड्याळाची गती धरतात. ध्वनी उपकरणांना दिल्या जाणाऱ्या संकेतास 'वर्ड क्लॉक', तर चित्र उपकरणांच्या अशा जुळणीस 'जेनलॉक' म्हणतात. मास्टर एकच असावा आणि इतर प्रत्येक उपकरण बाहेरील घड्याळ स्वीकारेल असे योजावे, हा मूलभूत नियम होय. वर्ड क्लॉकसाठी ७५ ओहमची केबल वापरतात. तिच्या शेवटच्या टोकाला तेवढाच रोध नसेल, तर संकेत परावर्तित होऊन बिघडतो.

टाइमकोड आणि मास्टर क्लॉक यांत अनेकदा गल्लत होते. टाइमकोड प्रत्येक चौकटीस तास, मिनिट, सेकंद व चौकट असा क्रमांक देतो. त्यामुळे संकलकाला आरंभ जुळवता येतो, पण दोन उपकरणांची गती एकसारखी राहीलच असे नाही. दोन मनगटी घड्याळे आज एकत्र लावली, तरी महिन्याभराने ती वेगळी वेळ दाखवतातच!

मोठ्या प्रक्षेपण केंद्रांत हे काम संगणकीय जाळ्यावरूनही होते. त्यासाठीचे 'आयईईई १५८८' हे मानक २००२ साली आले, तर ते व्यावसायिक ध्वनिचित्र क्षेत्रात कसे वापरावे हे सांगणारे 'एसएमपीटीई २०५९' हे मानक २०१५ साली. तेथील मुख्य घड्याळ बहुधा जीपीएस उपग्रहांवरून वेळ घेते.

संकलनाच्या वेळी ध्वनी किंचित ताणून वा आखडून वाढती तफावत दूर करता येते, पण ध्वनिमुद्रणात उतरलेला 'टक्' सहजासहजी निघत नाही. म्हणूनच ज्या मैफलीचे पुन्हा चित्रीकरण होणे नाही, तिथे घड्याळांची जुळणी आधीच तपासून घेणे इष्ट.