गरम पाणी, बोअर आणि सरकारी पैशाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात गरम पाण्याची ओळखीची ठिकाणे म्हणजे मारेगावशेजारच्या वणी तालुक्यातील कायर आणि पैनगंगेकाठचे कापेश्वर. नदीपलीकडे किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. त्वचेचे विकार बरे होतात या श्रद्धेने लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या अंघोळीला येतात.

अशा पाण्यातून ऊर्जा मिळेल का, हे पाहण्यासाठी केंद्र सरकारने 1966 मध्ये समिती नेमली. तिचा अहवाल 1968 मध्ये आला. 1973 पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लडाखमधील पुगा येथे बोअर घेतले आणि पुढे कोकणातही गणेशपुरी-अकलोली, तुरळ, उन्हवरे या भागांत काम केले. हा खर्च मुख्यतः सर्वेक्षणाच्या वार्षिक तरतुदीतून होई. बोअर कोठे घ्यायचा हे क्षेत्रकामाच्या हंगामी कार्यक्रमात आधी ठरे, आणि पहिली देखरेख त्याच टप्प्यावर होई.

1981 मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोत आयोग आणि 1982 मध्ये अपारंपरिक ऊर्जा विभाग स्थापन झाल्यावर अनुदानाची वाट खुली झाली. महाराष्ट्रात 1985 मध्ये ‘महाऊर्जा’ ही राज्याची ऊर्जा विकास संस्था उभी राहिली. अनुदान आले की उपयोगिता प्रमाणपत्रही आले. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ते द्यावे लागते. मंजुरीचा क्रमांक, मिळालेली रक्कम, झालेला खर्च, उरलेली शिल्लक आणि खाली सही, हेच त्या कागदावर मुख्यतः असते. बोअरमध्ये किती खोलीवर किती तापमान मिळाले, हे भूवैज्ञानिकाच्या नोंदवहीत राहते आणि ती नोंदवही दुसऱ्याच कार्यालयात जाते. भूऔष्णिक कामावरील देखरेखीची खरी अडचण हीच आहे. पैसा जमिनीखाली जातो आणि विहीर थंड निघाली तरी पावत्या बिनचूक असतात.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या 1971 च्या कायद्यात यावर उपाय आहे. कलम 14 नुसार, अनुदान किंवा कर्ज किमान 25 लाखांचे आणि एकूण खर्चाच्या किमान 75 टक्के असेल, तर त्या संस्थेचे लेखापरीक्षण होते. कलम 15 मध्ये अनुदान देणाऱ्या अधिकाऱ्याने अटी पाळल्या गेल्याची खात्री कशी केली, हे तपासता येते. 2015 मध्ये अपारंपरिक ऊर्जा क्षेत्राचे कामगिरी-लेखापरीक्षण झाले. त्यात भर मुख्यतः पवन, सौर आणि लहान जलविद्युत यांवर होता.

प्रत्यक्ष वीज फार थोडी निघाली. हिमाचलातील मणिकरण येथे 1992 मध्ये 5 किलोवॅटचा प्रायोगिक संच चालला. पुग्यासाठी ओएनजीसीने 2021 मध्ये करार केला. मारेगावकरांना मात्र तेलंगणातील मणुगुरूचे उदाहरण जवळचे वाटावे. तेथे सिंगरेणी कोळसा कंपनीच्या पट्ट्यात गरम पाण्याच्या बोअरवर 20 किलोवॅटचा संच बसवण्यात आला, आणि त्यासाठी पैसा कोळसा मंत्रालयाच्या संशोधन निधीतून आला. वणी-मारेगावचा वर्धा खोऱ्यातील कोळसा त्याच गोंडवना खडकांच्या पट्ट्याच्या वायव्य टोकाला आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केले. त्यात संशोधन, प्रायोगिक प्रकल्प आणि जुन्या तेलविहिरींचा पुनर्वापर यांना स्थान आहे.