वलसाडच्या आडनावाचे गाणे

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की नाट्यपदांची रेकॉर्ड लावायची, हा आमच्या बेळगावच्या घरातला आप्पांचा परिपाठ. १९९२ च्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाने तो मोडला. फराळाची ताटे येईतो त्याने टेपरेकॉर्डरवर इंग्रजी कॅसेट चढवली. आप्पा आता उठून खटका बंद करणार, असे मला वाटले. पण ते हातातली चकली तशीच धरून ऐकत राहिले. गाणे संपल्यावर म्हणाले, "अरे, हे गाणे कुठले? हा तर नाटकाचा अख्खा अंक झाला!"

ते होते ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. आप्पांना इंग्रजी गाण्यांचा गंध नव्हता, पण कान अचूक होता. रॉकच्या गाण्यात फिरून फिरून येणारे ध्रुवपद असते. इथे ते नाहीच. आधी साथीविना गळे, मग पियानोवर संथ विलाप, एका मुलाने आईजवळ दिलेली खुनाची कबुली. त्यानंतर गिटार, एकाएकी इटालियन ऑपेराचा गलबला, पाठोपाठ रॉकचा गडगडाट आणि शेवटी पुन्हा शांतता.

ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड या शेतवाडीतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले. गाण्याचा आराखडा फ्रेडी मर्क्युरीच्या डोक्यात पक्का होता. निर्माता रॉय थॉमस बेकरला त्याने ते घरच्या पियानोवर ऐकवले, मध्येच थांबला आणि म्हणाला की इथे ऑपेरा येणार! ऑपेरातला तो जमाव म्हणजे प्रत्यक्षात तीनच गळे, फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांचे. दिवसाला दहा-बारा तास ते गात. तेव्हा संगणक नव्हता. २४ ट्रॅकची फीत भरली की अनेक आवाज एका ट्रॅकवर एकत्र उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा गायचे. असे सुमारे १८० थर चढले. फीत यंत्रावरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार उजेड दिसू लागला.

गाण्याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, असे रेकॉर्डच्या धंद्यातले लोक म्हणू लागले. पण लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेटने शनिवार-रविवारात ते १४ वेळा वाजवले. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी रेकॉर्ड बाजारात आली आणि पुढे ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

हे सारे भावाला कॅसेटच्या वेष्टनावर मिळाले नव्हते. मी ते पुढे कैक वर्षे वाचून गोळा केले. त्यातली एक गोष्ट मात्र मला आप्पांना सांगितल्यावाचून राहवेना. या फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म १९४६ चा, झांझिबारमधला. आईवडील गुजरातेतले पारशी. बलसार म्हणजे आजचे वलसाड. आपल्यात जसा बेळगावकर, तसा हा बलसारा. आठव्या वर्षी तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात आला. तिथेच पियानो शिकला आणि १९५८ साली दोस्तांबरोबर त्याने पहिला बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. तिथे फारुखचा मर्क्युरी झाला.

आप्पा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी तरी काय केले? पुण्यात पारशांचे ‘इंद्रसभा’ पाहिले आणि १८८० साली ‘शाकुंतल’ उभे केले. पारशांचे देणे आहे हे."

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी एड्सने गेला. आजाराची कबुली त्याने आदल्याच दिवशी दिली होती. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. त्याच डिसेंबरात हे गाणे पुन्हा निघाले, पुन्हा पहिल्या क्रमांकावर पाच आठवडे राहिले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेले. १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटाने अमेरिकेतल्या तरुणांना त्याचे वेड लावले, तर २०१८ मध्ये त्याच्याच नावाचा चित्रपट आला. त्या गाण्याचा अर्थ मात्र फ्रेडीने शेवटपर्यंत कुणाला उलगडून सांगितला नाही.

"तुम्ही नेमके कुठले?" हा प्रश्न आपल्या मुलखात शाळेच्या दाखल्यापासून सोयरिकीपर्यंत पाठ सोडत नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि उत्तर मात्र एका शब्दात हवे असते. फारुखलाही ते एका शब्दात देता आले नसते. त्याने नाव बदलले, मुलूख बदलला. पण गाणे करायला बसला तेव्हा विलाप, ऑपेरा आणि रॉक यांतले एकही त्याने वगळले नाही.

आप्पा आता नाहीत. आमच्या घरी दिवाळीच्या पहाटे आजही नाट्यपदे लागतात, आणि ती संपली की भाऊ ती कॅसेट काढतो. तिचीही फीत आता बरीच झिजली आहे.