भडिमार आणि सरबत्ती

एकाच लक्ष्यावर तोफांचा अखंड मारा करणे म्हणजे भडिमार. 'भडाभड' या शब्दातला लागोपाठ आदळण्याचा आवाज त्यातही ऐकू येतो. सरबत्ती हा शब्द मुख्यतः बंदुकांचा. जुन्या तोड्याच्या बंदुकीला आणि तोफेला पेटती वात, म्हणजे बत्ती, लागे. 'तोफेला बत्ती देणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. अनेक बंदुका सतत झडत राहिल्या की ती सरबत्ती. फैर मात्र एका वेळेपुरती: सगळ्यांनी एकदम बार काढला की एक फैर झाली.

हा फरक रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर नेमका दिसतो. २ एप्रिल १७५५ रोजी इंग्रज कमोडोर विल्यम जेम्सने 'प्रोटेक्टर' या ४४ तोफांच्या जहाजावरून तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर मारा सुरू केला. पहिल्या दिवशी तो समुद्राच्या बाजूने झाला. पण तिथला तट कातळातूनच उभा राहिलेला. गोळे आदळत राहिले, खिंडार पडेना. मग जेम्सने जहाज किल्ला आणि किनारा यांमधल्या पाण्यात, तटाच्या अगदी जवळ आणले. आता खालून तोफांचा भडिमार आणि वर डोलकाठ्यांवरच्या माचांवरून बंदुकांची सरबत्ती असा दुहेरी मारा सुरू झाला. सरबत्तीमुळे किल्ल्यातील गोलंदाजांना तोफांजवळ उभे राहता येईना. त्यातच आग लागून दारूचे कोठार उडाले आणि किल्ला पडला.

या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. आंग्र्यांचे, म्हणजे मराठ्यांचे सर्वांत बलवान आरमार मराठी सत्तेच्याच संमतीने मोडले गेले, ही कोकणच्या इतिहासातील मोठी सल आहे. पुढच्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १७५६ रोजी, इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या तोफांनी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर भडिमार केला. बंदरातले एक जहाज पेटले, आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले.

तोफा थंडावल्या, शब्द मात्र बोलण्यात राहिले. आज भडिमार प्रश्नांचाही होतो, सरबत्तीही प्रश्नांचीच होते आणि फैरी आरोपांच्या झडतात. वर्तमानपत्रे हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. पण एकाच माणसाला एकाच मुद्द्यावर धरून सतत विचारले तर तो भडिमार, आणि अनेकांनी चहूकडून विचारले तर ती सरबत्ती, असे म्हणणेच शब्दांच्या मूळ अर्थाला धरून होईल.