वाकळीतला खाकी तुकडा

आमच्या घरी एक जुनी वाकळ आहे. आज्जीनं स्वतः शिवलेली. लुगड्याचे, परकराचे, धोतराचे तुकडे आणि मधोमध हातभर लांबीचा एक जाड, लोकरी, हिरवट खाकी तुकडा. लहानपणी थंडीत आम्हा भावंडांत तो तुकडा आपल्या अंगावर यावा म्हणून ओढाताण व्हायची, कारण ऊब तिथंच जास्त. तो तुकडा म्हणजे आमच्या आज्जाच्या लष्करी कोटाचा उरलेला भाग आहे, हे आम्हाला फार उशिरा समजलं.

गेल्या वर्षी आमच्या मंडळानं गणेशोत्सवात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. कुणी तांब्याचा बंब देणार होतं, कुणी रोजनिशी, कुणी सतार. माझा पुतण्या म्हणाला, "आपण आज्जाची वर्दी ठेवूया की." वर्दी होती कुठं? होता एक फोटो, पलटणीतून सुटताना मिळालेलं पुस्तक, इटली स्टार नावाचं पदक आणि ही वाकळ. एवढ्यावरून वर्दी पुन्हा शिवायची असं आम्ही ठरवलं. त्या खटाटोपात आम्हाला जे कळलं ते या स्मरणिकेत लिहून ठेवतो, कारण बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत अशी घरं पुष्कळ आहेत.

बेळगाव आणि मराठा पलटण यांचं नातं आपल्याला नवं नाही. पहाटे कॅम्पच्या बाजूनं येणारा बिगुल ऐकतच आपण वाढलो. या रेजिमेंटची सर्वात जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली. १९२२ मध्ये फौजेची पुनर्रचना झाली, जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री तयार झाली आणि तिच्या शिक्षणाची पलटण बेळगावला आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, याच गावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. एका बाजूला इंग्रज सरकारची कवायत आणि दुसऱ्या बाजूला स्वराज्याची सभा, अशा गावात आमच्या आज्जाची पिढी वाढली.

आज्जा १९४१ मध्ये भरती झाले. कारण सरळ होतं. जमीन थोडी, खाणारी तोंडं फार आणि पावसाचा भरवसा नाही. महायुद्धाच्या काळात हिंदी फौजेत स्वखुशीनं भरती झालेल्यांची संख्या पंचवीस लाखांच्या वर गेली. त्यातल्या बहुतेकांची कथा याहून फार वेगळी नसावी. बेळगावला शिक्षण झालं आणि पुढे ते तिसऱ्या पलटणीतून इटलीला गेले.

या तिसऱ्या पलटणीनं १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनचे डोंगर लढवले होते. आज रेजिमेंटची म्हणून ओळखली जाणारी 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धगर्जना त्याच लढाईच्या काळातली, असं रेजिमेंटमध्ये मानलं जातं. इटलीत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन लढल्या. तिसरी मराठा दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच पलटणीचे नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढे जात असताना मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतले बाकी सगळे पडले. घाडगे एकटे धावत मोर्चापर्यंत गेले, हातबॉम्ब टाकला, टॉमीगन चालवली आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्यांना लोळवलं. त्याच मोर्चात शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावजवळच्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा पोरगा. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना नदीपार नेऊन मशीनगनचे मोर्चे मोडले आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना केली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या रणांगणावर एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय सैनिकांना.

आज्जा पलटणीत पोचले ते घाडगे पडल्यानंतरच्या भरतीतून. पराक्रमाचं ते कधी काही बोलले नाहीत. चिखल, खेचरं आणि थंडी एवढंच सांगायचे. अपेनाइन्सच्या डोंगरात गाडी जात नसे, शिधा आणि दारूगोळा खेचरांवरून न्यावा लागे. "खेचर मेलं की त्याचं ओझं आमच्या पाठीवर," एवढं एक वाक्य आत्यांना आठवतं.

आता वर्दीचं काम. पहिला प्रश्न आला, कुठली वर्दी? फोटो बेळगावच्या स्टुडिओतला, भरतीनंतरचा. खाकी ड्रिलचा शर्ट, गुडघ्यापर्यंतची ढगळ अर्धी चड्डी, पायाला पट्ट्या. ती शिवणं सोपं होतं. पण वाकळीतला तुकडा लोकरीचा होता, म्हणजे इटलीच्या हिवाळ्यातला. आपल्याकडे शिल्लक असलेली एकमेव खरी गोष्ट तीच, तेव्हा वर्दी १९४४ च्या हिवाळ्यातलीच करायची असं ठरलं.

त्या वर्दीला 'बॅटलड्रेस' म्हणत आणि तिच्या वरच्या आखूड कोटाला चक्क 'ब्लाऊज'. घरातल्या बायकांना हसू आवरेना. हा कोट कमरेपर्यंतच असतो. खाली रुंद पट्टी, ती बकलानं आवळायची. छातीवर दोन खिसे. आधीच्या नमुन्यात खिशांना चुण्या होत्या आणि बटणं झाकलेली होती. युद्ध लांबलं तशी कापडाची आणि शिलाईची काटकसर सुरू झाली, चुण्या गेल्या आणि बटणं उघड्यावर आली. साध्या शिपायाची कॉलर गळ्याशी हुकानं बंद असे, उघडी कॉलर आणि टाय अधिकाऱ्यांसाठी. विजारीच्या डाव्या मांडीवर नकाशा मावेल एवढा मोठा खिसा आणि उजवीकडे पुढच्या बाजूला मलमपट्टीच्या पुडक्याचा छोटा खिसा. कमरेला आणि खांद्यावरून जाणारे पट्टे कातड्याचे नव्हेत, जाड विणलेल्या सुती पट्टीचे. पुढचे दोन चौकोनी पाऊच ब्रेनगनची मॅगझीनं मावतील अशा मापाचे. पायात खिळे ठोकलेले जड बूट.

कॅम्पमध्ये फौजी कपडे शिवण्यात हयात गेलेल्या एका शिंपीमामांनी काम घेतलं. रंग जुळवायला त्यांनी कोटाचा तुकडा मागितला. "वाकळ उसवून एवढा तुकडा काढून द्या, नंतर परत शिवता येईल." आम्ही उसवायला बसलोसुद्धा. आत्यांनी हात धरला. वय ब्याऐंशी, पण आवाज करारी. "आईनं घातलेला टाका आहे तो. हात लावायचा नाही." आणि मग त्यांनी कोटाची हकीकत सांगितली. आम्ही कुणीच ती ऐकलेली नव्हती.

पलटणीतून सुटताना आज्जांनी बाकीचं सामान जमा केलं, हा एक कोट तेवढा घरी आला. युद्ध संपलं तरी कापडाची टंचाई संपली नव्हती, कापड रेशनवर मिळे. दोन वर्षं कोट खुंटीला टांगलेला राहिला. आज्जा तो घालत नसत आणि टाकतही नसत. एका हिवाळ्यात थोरल्या मुलाला न्यूमोनिया झाला. आज्जीनं कुणाला न विचारता कोट खाली काढला, बाह्या कापून पोराला बंडी शिवली आणि पाठीचा भाग वाकळीत घातला. आज्जा संध्याकाळी घरी आले, बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंस." त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. ते थोरले म्हणजे माझे वडील.

हे ऐकल्यावर वाकळ उसवायचा विषय संपला. शिंपीमामाच आमच्या घरी आले, खिडकीजवळच्या उजेडात बसून त्यांनी वाकळीशेजारी कापडाचे नमुने धरून पाहिले. तिसऱ्या खेपेला रंग आणि पोत जुळला.

चुकाही झाल्या. मामांनी बाहीवर हौसेनं तीन फिती लावल्या. पुस्तकात हुद्दा 'नाईक' असा स्वच्छ लिहिलेला. नाईकाला दोन, तीन हवालदाराला. एक फीत उसवली. पुतण्याला छातीवर पदकाची फीत हवी होती. पण इटली स्टार सुरूच झालं १९४५ मध्ये, मग १९४४ च्या हिवाळ्यातल्या कोटावर ते कसं असेल? पदक वेगळं, डबीतच ठेवलं. डिव्हिजनचं चिन्ह फोटोत नव्हतं, तेही लावलं नाही. जे आपल्या माणसाच्या अंगावर होतं असं दाखवता येतं तेवढंच लावायचं, हा नियम आम्ही धरला. वर्दी मोठी दिसावी म्हणून केलेली भर ही आज्जांच्या नावावर खोटं लिहिण्यासारखीच झाली असती.

खरी अडचण मात्र कापडाची नव्हती. काका म्हणाले, "इंग्रजांची वर्दी गणपतीपुढं ठेवायची? लोकमान्यांच्या उत्सवात?" त्यांचा राग पोकळ नव्हता. आज्जीचा सख्खा भाऊ १९४२ च्या चळवळीत तुरुंगात गेला होता. एकाच घरातला एक माणूस इंग्रजांच्या तुरुंगात आणि दुसरा इंग्रजांच्या फौजेत. आज्जीनं दोघांसाठी एकाच देवापुढं दिवा लावला असणार.

त्या रात्री बरीच वादावादी झाली. पुतण्या म्हणाला, आज्जा फॅसिस्टांशी लढले. काका म्हणाले, "लढले, पण कुणाच्या हुकमानं?" दोघांचंही खरं होतं. महायुद्धात हिंदी फौजेचे सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास जवान मेले, आणि ज्या सरकारसाठी ते मेले त्यानं त्यांना लढाईत उतरवताना त्यांच्या देशाला विचारलं नव्हतं. हे लपवून वर्दी मांडली असती तर ती नुसती शोभेची वस्तू झाली असती. आणि वर्दी मांडलीच नसती तर डोंगरातल्या चिखलात ओझी वाहणारा आमचा माणूस पुन्हा एकदा खुंटीलाच टांगलेला राहिला असता. शेवटी काकाच म्हणाले, "ठेवा. पण पाटीवर सगळं लिहा. भाऊमामांचंही लिहा." पाटी काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली.

आणखी एक ठरवलं. ही वर्दी कुणी अंगात घालायची नाही. फौजेत नसलेल्यानं लोकांना सैनिक वाटावं अशा हेतूनं वर्दी घालणं कायद्यानं गुन्हा आहे, प्रदर्शनात तसा हेतू नसतो हे खरं. पण त्याहून मोठं कारण असं की, ती वर्दी आज्जांनी थंडीत, भीतीत, घरापासून हजारो मैलांवर घातली होती. आम्ही ती फोटोपुरती घालणं बरं दिसलं नसतं. लाकडी स्टँडवर कोट चढवला, बाजूला डबीतलं पदक आणि पुस्तक, आणि खाली वाकळ उलगडून पसरली, मधला खाकी तुकडा वर येईल अशी.

पाच दिवस लोक येत होते. मुलं आधी कोटाकडे जायची. बायका मात्र वाकळीपाशी थांबायच्या. टाके बघायच्या, हात फिरवायच्या आणि पाटी वाचायच्या. एक वृद्ध गृहस्थ बराच वेळ उभे होते. जाताना म्हणाले, "आमच्यात पण होता असा कोट. आईनं त्याचं काय केलं, आम्ही विचारलंच नाही कधी."

ते वाक्य मनातून जात नाही. आम्ही निघालो होतो आज्जाची वर्दी परत मिळवायला. ती मिळाली, टाक्याटाक्यानं जुळवलेली. पण त्या वाटेवर भेटली ती आज्जी. नव्या कोटाला कितीही बरोबर बटणं लावली तरी तो नवाच आहे. खरा कोट तिनं कापला आणि एका आजारी पोराच्या अंगावर घातला. आमचा वंश त्या बंडीत वाचला म्हटलं तरी चालेल.

तुमच्या घरातही माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेल, एखादं पदक, एखादं सुटकेचं पुस्तक. त्यावरचा नंबर, पलटण आणि हुद्दा उतरवून ठेवा. आणि घरातल्या थोरल्या बाईला विचारा, त्या कपड्यांचं पुढं काय झालं. सांगणारी माणसं आहेत तोवर विचारा. आत्या यंदाच्या उत्सवाला नाहीत.